तेल क्रमाक्रमाने

आप्पा शुद्धीला बसले की ते आधी मेहरुण तलावाला कळतं, मग घरच्यांना. फाल्गुन वद्य नवमी उजाडली की पहाटे फिरायला येणाऱ्या कुणालाही गाठून ते विचारतात, "आज आरशात स्वतःची जीभ पाहिली का?" समोरचा दचकतो. ज्याने पाहिलेली नसते त्याला तिथेच बाकावर बसवून मोबाइलच्या उजेडात तपासणी होते. निदान आधीच ठरलेलं असतं: "थर आहे. आम साठलाय. काल शेवभाजी ना?" जळगावात हे विधान सहसा चुकत नाही, त्यामुळे आप्पांचा नाडीपरीक्षक म्हणून लौकिक आहे.

जळगावात दर कॉलनीत असे एक आप्पा असतात. धुळ्यात, माझा अंदाज, दोन. बँकेतून, जिल्हा परिषदेतून नाहीतर शाळेतून निवृत्त झालेले. जवळ वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाचं मराठी भाषांतर असतं आणि त्यात सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय, ऋतुचर्येचा, तेवढा हाताळून मऊ पडलेला. बाकीचं पुस्तक कोरं करकरीत. थंडीत साचलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो, अग्नी मंदावतो, तेव्हा जड, आंबट, गोड, तेलकट कमी करा, जुनं धान्य खा, दिवसा झोपू नका, असं वाग्भट सांगतात. त्यांनी वमनही सांगितलं आहे. ते वैद्याच्या नजरेखाली करायचं काम, म्हणून त्या ओळीवरून आप्पा अलगद पुढे सरकतात. "आपलं सौम्य. स्वयंपाकघरातलं." म्हणजे काकूंचं.

सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येत्या ऋतूचे पहिले सात, हा ऋतुसंधी. शिशिर संपून वसंत लागताना हे चौदा दिवस फाल्गुन-चैत्राच्या सांध्यावर येतात, आणि त्यांच्या बरोब्बर मधोमध गुढीपाडवा बसतो. वाग्भटांच्या घरी पुरण होत नसावं.

पण खरी अडचण खिचडीची आहे. पुण्यातला माणूस चौदा दिवस मुगाची खिचडी खातो तेव्हा त्याने काहीतरी सोडलेलं असतं. आमच्याकडे रात्रीला खिचडीच असते. बाराही महिने, घरोघरी. तुरीच्या डाळीची, पिवळीधमक, तिखट, वरून शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, शेजारी भाजलेला पापड आणि कांदा. आप्पांनी पहिल्या वर्षी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, "चौदा दिवस मी रात्री फक्त खिचडी घेणार." काकूंनी शांतपणे विचारलं, "मग एरवी काय घेता?"

तेव्हापासून त्याग तेलावर आला. तूर जाऊन मूग आला, मिरची जाऊन सुंठ-जिरं आलं, हे आप्पांनी सोसलं. तेलाशी मात्र थांबावं लागलं. आणि इथेच तो तिसरा अध्याय कामी आला. जुनी सवय एकदम सोडू नये, क्रमाक्रमाने सोडावी आणि नवीही तशीच धरावी, नाहीतर रोग होतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. एवढं सोयीचं शास्त्र आप्पांना आयुष्यात भेटलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते तेलातला एक चमचा कमी करतात. किती चमच्यांतला, ते विचारायचं नसतं. शिवाय मध्ये पाडवा आला की क्रम मोडतो, आणि मोडलेला क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हेच शास्त्रशुद्ध.

स्वतःच्या ताटाबाबत आप्पा असे सबुरीचे. दुसऱ्याच्या ताटाबाबत मात्र एक क्षण दम धरत नाहीत. शेजारची सून मुलाला शिकरण देत होती, तर कुंपणावरून ओरडले, "दूध-केळं? विरुद्धाहार आहे तो!" आता जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलच्या केळीवर पोसलेल्या मुलखात, असं ओरडायला धाडस लागतं. तिचे वडील केळीचे बागायतदार. तिने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "आप्पा, हे बाबांना फोनवर सांगता का?" आप्पांनी विषय मधावर नेला. सकाळी गरम पाण्यात मध घेणाऱ्या सगळ्या कॉलनीला त्यांनी ग्रंथ दाखवून सांगितलं आहे की तापवलेला मध घातक. हे मात्र खरोखरच ग्रंथात आहे, आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही.

याच दिवसांत गच्चीवर वाळवणं असतात. ज्वारीच्या बिबड्यांचा घाटा शिजतो, कुरडयांचा चीक निघतो. दिवसा झोपायचं नाही, म्हणून दुपारची राखण आप्पा आपणहून मागून घेतात. छत्री, पाण्याची बाटली, वाग्भट असा सरंजाम घेऊन वर जातात. संध्याकाळी कडेच्या दोन ओळी विरळ झालेल्या असतात. "कावळे," आप्पा म्हणतात. अर्धवट वाळलेला बिबडा तेल लावून खाणारे कावळे फक्त आमच्याच गच्चीवर येतात, असं काकूंचं निरीक्षण आहे. आप्पांचं म्हणणं वेगळं: ज्वारी रूक्ष, रूक्ष पदार्थ कफ शोषून घेतो, आणि रूक्ष पदार्थ घशाखाली उतरायला थोडं तेल लागतंच.

गेल्या वर्षी संधीच्या अकराव्या दिवशी सासुरवाडीला, धुळ्याला, साखरपुडा निघाला. एसटीने एरंडोल, पारोळा करत जाताना पिशवीत मुगाच्या कढणाचा थर्मास होता. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. आप्पांनी थर्मासचं झाकण उघडलं, तशी काकूंची नव्वदीची आई पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जवाईले काय व्हयनं माय? बिमार शे का?"

जावई आजारी म्हणून गावभर होणं कुठल्या शास्त्रात बसतं? आप्पांनी बट्टी कुस्करली. तुपाची वाटी आली तेव्हा हात आडवा करून म्हणाले, "तूप अग्नी वाढवतं," आणि हात बाजूला घेतला. तिसऱ्या बट्टीला त्यांचा अग्नी एवढा वाढला होता की वाढपीच थकला. कढण शेवटी परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाला पाजलं, जीभ पाहून.

थट्टा खूप झाली. पण एक सांगायला हवं. त्या चौदा दिवसांत आप्पा खरोखर लवकर जेवतात, पहाटे चालतात, रात्री ताटावर रेंगाळत नाहीत आणि काकूंना निवांत मालिका पाहता येते. शुद्धी कुणाची होते, हा प्रश्न त्या घरात कुणी काढत नाही.

पुढचा संधी वसंत-ग्रीष्माचा. आप्पांनी कालनिर्णय काढून हिशेब केला: वैशाखाचा शेवटचा आठवडा, ज्येष्ठाचा पहिला. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे खापरावरचे मांडे आणि आमरस उरकून वर अडीच-तीन आठवडे मोकळे. "पाहा," ते काकूंना म्हणाले, "वाग्भटांना खान्देश ठाऊक होता." काकूंनी मान डोलावली. भाच्याच्या लग्नाची पत्रिका छापून आली आहे, तिथी वैशाख वद्य द्वादशी, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.