नजरेचा हप्ता

गेल्या शनिवारी सकाळी वडखळच्या नाक्यावर एक पिवळी गाडी गतिरोधकापाशी अडली. मुंबईहून अलिबागला निघालेली. पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर. मालकाने ती तिरकी घेतली, एक चाक चढवलं, थांबला, अंदाज घेतला, मग दुसरं चढवलं. मागे एसटी, दुधाचा टेम्पो आणि पोयनाडची मिनिडोर हॉर्न वाजवत उभी. रस्त्याच्या कडेला पाच-सहा पोरं मोबाइल धरून होती. त्यातला एक ओरडला, "काय गारी हाय रं! दादूस, येकदा आवाज काढ ना!"

काच खाली आली नाही. पण गाडी गतिरोधक उतरली आणि मालकाने जागेवरच रेस दिली. नाका दणाणला. टपरीवरची कुत्री उठून पळाली. पोरांना हवं ते मिळालं, मालकालाही मिळालं. चारचौघांत गतिरोधकाने घालवलेली शान त्याने आवाजाने वसूल केली होती.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्याकडे अपघात झाला की गावकरी चिडून रातोरात बांधतात, त्याला माप नसतं. त्यापुढे मुंबई-गोवा महामार्ग. २०११ मध्ये रुंदीकरण सुरू झालं, ते रखडत राहिलं आणि पेणपासून कोलाडपर्यंतच्या माणसाने त्यातल्या खड्ड्यांबरोबर आयुष्याची दहा-बारा वर्षं काढली. ताशी ३०० किलोमीटरची ऐपत असलेली गाडी या रस्त्यावर कोणी वेगासाठी आणत नाही. मग कशासाठी आणतो? नाक्यावरच्या त्या पाच-सहा मोबाइलसाठी. हे मी ठामपणे म्हणतो.

गाडीवाल्याची मला चिंता नाही. त्याच्याकडे पैसे आहेत, हौस आहे, तो संध्याकाळी समुद्रावर पोचेल. माझा जीव अडकलाय त्या ओरडणाऱ्या पोरात. तो आपला आहे. खारेपाटातल्या कुठल्यातरी घरचा. त्याच्या आजोबाने खाडीचं पाणी अडवून, बांध घालून भात पिकवलं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने 'तिसरी मुंबई' या नव्या शहरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं अधिसूचित केली. म्हणजे त्याच्या किंवा त्याच्या मावसभावाच्या दारात उद्या मोबदला येईल, नाहीतर दलाल येईल. त्या दिवशी या पोराच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील? तीच पिवळी गाडी.

म्हणून आज त्याच्याशीच बोलतो.

पोरा, गाडीत बसलं की छाती फुगते, हे खरं आहे. त्याची लाज बाळगू नकोस. कॅनडातल्या माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात गॅड साद आणि जॉन व्होंगास या दोघांनी हे तपासलं आणि २००९ मध्ये छापलं. ३९ तरुण घेतले. त्यांना पोर्श ९११ चालवायला दिली आणि जुनी टोयोटाही दिली, भर शहरातही आणि मोकळ्या हमरस्त्यावरही. लाळेचे नमुने घेतले. पोर्श चालवल्यावर त्यांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं सापडलं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. शहरात बघे होते, हमरस्त्यावर जवळजवळ कोणीच नव्हतं, तरी वाढ दोन्हीकडे झाली.

याचा अर्थ मी असा लावतो की बघणारा आपण डोक्यात घेऊनच फिरतो. रस्ता रिकामा असला तरी तो मागच्या सीटवर बसलेला असतो. शाळेत ज्याने चिडवलं तो. ज्या पोरीने नकार दिला तिचा बाप. लग्नात ज्या चुलत्याने पुढच्या पंगतीतून उठवलं तो. आपण त्यांना दाखवायला गाडी घेतो, आणि ते कधीच गाडीतून उतरत नाहीत. बँकेचा हप्ता सात वर्षांत फिटतो. या बघ्यांचा हप्ता चालूच राहतो, कारण पुढच्या वर्षी शेजारी याहून मोठी गाडी आणतो.

शेजाऱ्याचंही सांगतो. नेदरलँड्समध्ये पिनकोडवर सोडत निघणारी लॉटरी आहे. एखाद्या गल्लीचा पिनकोड लागला की तिकीट घेतलेल्यांना रोख रक्कम मिळते आणि एक नवी कोरी बीएमडब्ल्यूही. अर्थशास्त्रज्ञांनी त्या गल्ल्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्यांनी तिकीटच घेतलं नव्हतं, ज्यांना एक पैसा मिळाला नव्हता, त्या लगतच्या शेजाऱ्यांच्या दारातही नव्या गाड्या दिसू लागल्या. पैसा एकाला लागला, खाज सगळ्या गल्लीला सुटली. तिथे हे लॉटरीवर झालं. आपल्याकडे जमिनीवर होतं. एका वाडीतल्या एका घराने विकली की बाकीच्या घरांना आपली शेती अचानक गरिबी वाटू लागते. आदल्या दिवशीपर्यंत तीच शेती अब्रू होती.

आता जमीन विकून घेतलेल्या गाडीचा हिशेब. विमा कंपन्या गाडीची किंमत धरायला जो तक्ता लावतात, त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के उतरतात, वर्षभराच्या गाडीला १५, आणि पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. म्हणजे पाच वर्षांत निम्मी किंमत गेली. त्याच पाच वर्षांत ज्याने तुझी जमीन घेतली त्याच्याकडे ती वाढत बसली. आजोबाच्या बांधाचा पैसा तुझ्या अंगणात गंजतो आणि त्याचा बांध दुसऱ्याच्या नावावर फुगतो. रोह्यातल्या पोरांचं गणित थोडं वेगळं आहे. धाटावच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबणारा पोरगा सेकंडहँड जर्मन गाडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलतो, आणि पहिलं दुरुस्तीचं बिल आलं की त्याला कळतं की स्वस्त फक्त किल्ली होती. मग ती गाडी ताडपत्रीखाली उभी राहते. ताडपत्री मात्र बोनेटवरचं चिन्ह दिसेल इतकी वर खेचलेली असते. ते दृश्य पाहून मला हसू येत नाही, पोटात तुटतं.

गाडीने मान मिळतो का, याचं आपल्या घरातलं सर्वांत मोठं उदाहरण सचिनचं आहे. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली. त्याबद्दल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, मायकल शूमाकरच्या हस्ते. एक कोटीहून जास्त आयात शुल्क माफ करण्यावरून देशभर वाद झाला, शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. आता मला सांग, गाडी गेली तेव्हा सचिन एका बोटानेही लहान झाला का? आणि ज्याने ती घेतली त्याच्या खात्यावर एक तरी कसोटी शतक चढलं का? शतकांमुळे फेरारी आली. फेरारीमुळे शतक येत नाही. ज्याची पहिली गाडी मारुती ८०० होती, त्याच्या नावावर लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्यांत गाडीचा वाटा शून्य आहे.

आणि गाडीच मान समजली की काय होतं, ते पुण्यात दिसलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. कोटींच्या घरातली ती गाडी मार्चपासून कायम नोंदणीविना होती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. ही रक्कम मी विसरू शकत नाही. गाडीला कोटी मोजले आणि कायद्याला १,७५८ रुपये मोजावेसे वाटले नाहीत. लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून जे घर एवढा खर्च करतं, त्या घराला रस्त्यावरचे लोक दिसेनासे होतात. स्वतःकडे बघायला लावायची सवय लागली की दुसऱ्याकडे बघायची सवय सुटते. माझा सगळा राग इथे आहे. मिरवण्यात पैसे जातात तेवढ्यावर भागलं असतं तर मी लिहिलंही नसतं. मिरवण्याच्या आड येणारी माणसं जातात.

मग मान कुठून येतो? त्याचं उत्तर शोधायला पेण आणि रोह्याच्या माणसाने बाहेर बघायची गरजच नाही.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा जन्मले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि त्यानंतर हा माणूस तेरा-एक वर्षं देशभर पायी फिरला. पायी आलेल्या माणसाला जमीनदारांनी लाखो एकर जमीन काढून दिली. एवढी मोठी मागणी करणाऱ्याच्या पायाखाली गाडी नव्हती, आणि गाडी असती तर त्याला दारात कोणी उभं केलं असतं असं मला वाटत नाही.

रोह्याचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाच्या नोटांवर ज्यांची सही होती. आपल्याच तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा निर्णय झाला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. मंत्रिपदाबरोबर बंगला, गाडी सगळंच सुटतं. ते सोडण्याची ताकद ज्याच्यात असते, त्याला आपण स्वाभिमानी म्हणतो. जे सोडता येत नाही, ते आपल्याला बाळगत असतं.

आणि ही फक्त थोरांची गोष्ट नाही. २१ सप्टेंबर २००८ हा दिवस तुझ्या बापाला विचार. 'महामुंबई सेझ' या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घ्यायच्या होत्या. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत त्या दिवशी सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. देशातल्या सर्वांत बलाढ्य उद्योगसमूहाच्या प्रकल्पावर, खारेपाटातला माणूस रांगेत उभा राहिला आणि आपलं मत देऊन घरी गेला. मागे प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं लढ्यात उभी होती. तो सेझ झाला नाही. त्या रांगेतल्या माणसांकडे सायकली होत्या, एसटीचे पास होते, काहींच्या पायात चपलाही नसतील. पण त्या दिवशी दिल्ली-मुंबईने त्यांच्याकडे बघितलं. आणि त्यांनी ते बघावं म्हणून या माणसांनी काही विकत घेतलं नव्हतं. उलट विकायला नकार दिला होता.

जमीन विकूच नये, असं मी म्हणत नाही. मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, धंद्याचं भांडवल, कारणं खरी असतात. गाडीचं वेडही खोटं नाही. ज्याला इंजिनाच्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते कळतं, हाताला ऑइल लागलं की ज्याचा चेहरा खुलतो, त्याने खुशाल स्वप्न बघावं, कमवून घ्यावी, मी त्याला हार घालायला येईन. त्याला गाडी हवी असते. तुला त्या दिवशी नाक्यावर गाडी हवी नव्हती, पोरा. तुला तो काचेआडचा माणूस व्हायचं होतं, ज्याच्याकडे तू बघत होतास. बांध विकून तू त्या काचेआड जाऊन बसलास, तर रस्त्याच्या कडेला तुझ्यासारखाच दुसरा कोणी मोबाइल धरून उभा असेल. तू त्याला आवाज काढून दाखवशील. एवढंच मिळेल.

पुढच्या शनिवारी तू वडखळला दिसलास, तर तुला घेऊन हमरापूरला जाणार आहे. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघतात, घासल्या जातात, रंगतात, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा माणूस जुन्या मोटारसायकलवर येतो. मांडी घालतो, ब्रशाचं टोक ओठांजवळ नेऊन नीट करतो, श्वास धरतो आणि एक बारीक रेघ ओढतो. त्या रेघेनंतर माती बघायला लागते. भाद्रपदात मुंबईपासून परदेशापर्यंत असंख्य घरं त्या नजरेपुढे हात जोडतात. त्या घरांना त्याचं नाव ठाऊक नसतं. कारखान्यात मात्र तो आला की बाकीचे सरकून उजेडाची जागा त्याला देतात.

आखणी चालू असताना तिथे मोठ्याने बोलत नाहीत. हात हलतो. दारात उभा राहा आणि बघ. आवाज काढा, असं तिथे तुझ्या तोंडून निघणार नाही.