मार्गदर्शकासह मृगया

ज्या पराक्रमात पायपीट दुसऱ्याची, नेम तिसऱ्याचा, मरण चौथ्याचे आणि छायाचित्र मात्र आपले, अशा पराक्रमाची रीतसर सोय आफ्रिका खंडातील अरण्यांत शतकाहून अधिक काळ चालू असून, तिची व्यवस्था इतकी चोख आहे की आमच्याकडील एखाद्या कचेरीने तिचा कित्ता गिरवावा. तेथे जाणाऱ्या गृहस्थास रानाविषयी काही ठाऊक असावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. त्याने दरपत्रक वाचावे, एवढे पुरे. त्या पत्रकात रानडुकरापासून सिंहापर्यंत प्रत्येक जिवाचा भाव लिहिलेला असतो, आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावराचे पैसेही मेलेल्याइतकेच पडतात, या एका कलमावरून हा व्यवसाय किती अनुभवी मंडळींनी उभारला असावा याची कल्पना यावी. पहाटे माग काढणारा स्थानिक मनुष्य धुळीतील ठसे वाचीत पुढे चालतो. परवानाधारक व्यावसायिक शिकारी चिमूटभर राख उडवून वारा पाहतो, तीन काठ्यांची तिकटी रोवून तीवर बंदूक टेकवून देतो, कोणत्या नराच्या खांद्यामागे गोळी झाडावयाची हे पाहुण्याच्या कानात सांगतो, आणि ती भलतीकडेच गेली तर तत्क्षणी स्वतःची झाडून पाहुण्याची अब्रू राखतो. मग त्या मृत पशूचे तोंड पुसून, जीभ आत ढकलून, जिवंतपणी तो कधी बसला नसेल अशा ऐटीत त्यास बसविण्यात येते, आणि साहेब एक गुडघा टेकून त्याच्या मागे विराजमान होतात.

या संप्रदायाचे सर्वांत थोर यजमान म्हणजे अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. १९०९ साली अध्यक्षपदावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत ते पूर्व आफ्रिकेस रवाना झाले, आणि संग्रहालयास नमुने पुरविण्याच्या शुद्ध शास्त्रीय हेतूने पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे लोळविली. शास्त्राची इतकी सेवा एका कुटुंबाच्या हातून क्वचितच घडली असेल. पुढे हा हेतू उत्तरोत्तर उदात्त होत गेला. २०१४ साली अमेरिकेतील डॅलस नगरीत नामिबियातील एक काळा गेंडा मारण्याचा परवाना साडेतीन लाख डॉलरांस लिलावात गेला, आणि तोही गेंड्यांच्या संरक्षणार्थ. त्याच्या पुढल्याच वर्षी झिंबाब्वेतील सेसिल नामक सिंहास आमिष दाखवून राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आणविल्याचे व एका अमेरिकन दंतवैद्याने त्याच्यावर बाण सोडल्याचे वृत्त जगभर छापून आले. तो बाण इतका बेताचा लागला की सिंहास मरावयास कित्येक तास लागले. दक्षिण आफ्रिकेत तर हजारो सिंह कुंपणातच जन्मास घालून, बाटलीने दूध पाजून वाढवितात, म्हणजे ऐन प्रसंगी त्यांनी पाहुण्यास तिष्ठत ठेवू नये.

न्यायाची गोष्ट सांगावयाची तर या व्यवहाराची दुसरीही एक बाजू आहे. नामिबियात गावकऱ्यांनी स्थापलेल्या संरक्षण-मंडळांस या पैशाचा हिस्सा मिळतो, जनावराचे मांस वस्तीत वाटले जाते, आणि ज्या रानास मोल आहे ते रान नांगराखाली जात नाही, असे तेथील जाणती माणसे म्हणतात. या युक्तिवादास आमच्यापाशी धड उत्तर नाही. आमची अडचण एवढीच की, आमच्या रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत सांप्रत जी मृगया चालते, तिच्यातले मांस वस्तीपर्यंत पोहोचत नाही.

आमचा मुलूख या बाबतीत पूर्वापार सोवळा होता असे मात्र कोणी समजू नये. इंग्रज सरकारने हिंस्र श्वापदांवर बक्षिसे लावली, आणि इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर बक्षिसापोटी मारलेल्या वाघांची संख्या ऐंशी हजारांवर व बिबट्यांची दीड लाखावर गेली. साहेब मचाणावर बसत, खाली रेडकू बांधलेले असे, आणि डबे-ढोल बडवीत रान उठविणारे हाकारे अर्थातच खालच्या वाड्यांतले असत. माथेरानचा डोंगर ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली 'शोधून काढला' असे आपण शाळेत पाठ करतो. खालापुरातील चौकहून ते वर चढले तेव्हा त्यांना वाट दाखविणारे लोक तो डोंगर हरवला आहे अशा समजुतीत होते काय, याविषयी पाठ्यपुस्तके मौन पाळतात. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात शिकार-कंपन्या निघाल्या, विमानाने आलेल्या पाहुण्यांस वाघाची हमी देऊ लागल्या, आणि १९७० मध्ये व्याघ्रशिकारीस बंदी व १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम येईपर्यंत त्यांनी ती हमी प्रामाणिकपणे पाळली. त्या साली वाघ मोजले तेव्हा ते १,८२७ भरले.

हा सर्व इतिहास आम्हांस आठवला तो आमच्या एका स्नेह्यांमुळे. त्यांस आपण येथे केवळ रावसाहेब म्हणू. रावसाहेब दक्षिण आफ्रिकेस जाऊन एक कुडू मारून आले. तो कुडू म्हणजे पिळदार शिंगांचे एक मोठे हरीण असून, त्याने रावसाहेबांचे काय घोडे मारले होते हे शेवटपर्यंत कळले नाही. शिंगे मायदेशी आणण्याच्या मार्गात कायद्याची शिंगे आडवी आल्याने त्यांनी दिवाणखान्यात मोठे छायाचित्र लावून समाधान मानले; परंतु ज्याला एकदा तंबूची, खाकी टोपीची आणि अठरा खिशांच्या जाकिटाची चटक लागली तो मनुष्य मुंबईत रमणे कठीण. त्यांनी कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, एक फार्महाउस बांधले आणि तेथे 'आफ्रिकन पद्धतीची जंगल सफारी' सुरू केली. वातानुकूलित तंबू आले, टप उडविलेली जीप आली, शेकोटी आली, आणि रात्री नऊच्या ठोक्यास ध्वनिवर्धकावरून सिंहाची मुद्रित गर्जना येऊ लागली. उणीव राहिली ती एकट्या श्वापदाची.

श्वापदे नाहीत असे मुळीच नाही. खांडसच्या माथ्यावर १९८५ साली जाहीर झालेले भीमाशंकराचे अभयारण्य आहे, तेथे शेकरू आहे. खालच्या रानात भेकर आहे, साळिंदर आहे, पिसोरी आहे, बिबट्या आहे. परंतु ही खालची मंडळी मोठी आतबट्ट्याची: दिवसा दडतात, रात्री बिनआवाज फिरतात, आणि दरपत्रक वाचलेल्या पाहुण्याची त्यांना लवमात्र पर्वा नसते. शनिवारी सायंकाळी द्रुतगती मार्गाने खालापूरचा टोलनाका ओलांडून येणाऱ्या पाहुण्यास या तालुक्यात हमखास गवसणारे भक्ष्य एकच, आणि तेही मोटार सोडून आगगाडीने आल्यास: घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून इंजिने जोडतात त्या कर्जत स्थानकावरील बटाटेवडा.

तथापि शिकार येथे होतेच, आणि ती आफ्रिकेतल्यापेक्षा कितीतरी मोठ्या सावजाची होते, हे रावसाहेबांच्या सहवासात आमच्या हळूहळू ध्यानात आले. येथल्या मार्गदर्शकास एजंट म्हणतात. तो पांढऱ्या शर्टात, काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन फाट्यावर उभा असतो, पाहुण्यास 'पार्टी' म्हणतो, डोंगराकडे बोट करून "साहेब, रोड टच, क्लिअर टायटल, नदी व्ह्यू," असा मंत्र म्हणतो, आणि सावजाच्या कोणत्या अंगास टोकन द्यावयाचे हे कानात सांगतो. शिकारीस परवाना लागतो; कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेता येत नाही, म्हणून वाळकेश्वरी राहणारा गृहस्थ आजोबांच्या गावचा, साडेतीन गुंठ्यांत नऊ हिस्सेदार असलेला सातबारा शोधून काढतो आणि तहसिलीतून शेतकरी असल्याचा दाखला मिळवितो; ज्या पूर्वजांच्या जमिनीकडे तीन पिढ्या कोणी ढुंकून पाहिले नाही, त्यांची श्राद्धापेक्षा अधिक भक्तिभावाने आठवण होण्याचा हा एकच प्रसंग. आदिवासीची जमीन हे संरक्षित सावज असून, महसूल संहितेच्या ३६ व ३६-अ या कलमांनी ती जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये असा बंदोबस्त आहे. परंतु अनुभवी मार्गदर्शक अशा वेळी प्रत्यक्ष गोळी झाडीत नाही. तो साठेखत, कुलमुखत्यारपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा अशी जाळी पसरून वाऱ्याची दिशा पाहत बसतो. आणि डोंगरउतारावरच्या ज्या दळीत ठाकर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या नागली-वरी पेरीत आले, ती तर कागदावर एखाद्या फार पूर्वी दिवंगत झालेल्या नाइकाच्या नावे वनखात्याच्या दप्तरात निजलेली असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिला जागे करावयाचे ठरविले खरे, पण दप्तरास झोप मोडण्याची घाई नसते. मध्येच विमानतळाची वार्ता आली, 'नैना' या विमानतळ-प्रभावक्षेत्राचा नकाशा आला, पनवेल-कर्जत लोकलच्या बोगद्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले, आणि एकही विमान उडण्यापूर्वी गुंठ्याचा भाव उडाला. यालाच पूर्वी हाका म्हणत असत.

मग फेरफार नोंदला जातो, जेसीबी येतो, आणि टेकडीचा एक खांदा उतरवून तीवर पांढरी कमान उभी राहते. कमानीवर 'वनश्री' किंवा 'निसर्ग' असे नाव असते; जे मारले त्याचे नाव भिंतीवर लावण्याची प्रथा शिकाऱ्यांत सर्वत्रच आहे. भुसा भरलेला सिंह मालकास फाटक उघडून देत नाही, एवढी आफ्रिकन पद्धतीत त्रुटी आहे. कर्जतच्या पद्धतीत ज्याच्याकडून जमीन घेतली तोच ठाकर गणवेश घालून फाटकाशी उभा राहतो, आपल्याच बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून राखण करतो, आणि रावसाहेबांची मोटार दिसताच सलाम ठोकतो. "त्यांना रोजगार मिळाला," असे रावसाहेब म्हणतात. आणि ते खोटे नाही, म्हणूनच ऐकवत नाही.

रावसाहेबांनी सफारीचा मार्गदर्शक म्हणून शेजारच्या कातकरवाडीतला एक तरुण नेमला आहे. त्यास त्यांनी बूट दिले, शिटी दिली, आणि पाहुण्यांसमोर 'जरा आदिवासी दिसेल असे' वागण्याची ताकीद दिली. हा तरुण रानातील प्रत्येक बीळ कोणाचे हे बिळाच्या तोंडाकडे पाहून सांगू शकतो. त्याचे वडील काही वर्षे कोळशाच्या भट्टीवर व नंतर वीटभट्टीवर गेले. आजे गलोल घेऊन रानात जात. आज त्याच्या झोळीत घोरपड सापडली तर ती पहिल्या अनुसूचीतली असल्यामुळे त्यास किमान तीन वर्षे कारावास घडेल, आणि घोरपडीची बाजू घेऊन आम्ही म्हणू की कायदा योग्य आहे. केवळ एक शंका उरते ती ही, की टेकडीचा जो खांदा उतरला त्यात घोरपडींची किती बिळे गेली याचा पंचनामा कोणत्या अनुसूचीखाली व्हावयाचा.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी पाहुण्यांचा जथा जीपमधून निघाला असता त्यांतील एका बाईंनी या तरुणास विचारले, "काय रे, वाघ दिसेल का?"

"दिसंल ना, ताई. पण आधी गाणी बंद करा."

गाणी बंद झाली नाहीत. परत येताना रावसाहेबांनी त्यास जरा दटावले, की पाहुण्यांस निदान ठसा तरी दाखवावयाचा. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "ठसा आपल्या फाटकाशीच आहे, साहेब. परवाच येऊन गेला. तुमचा कुत्रा नेला त्यानं." रावसाहेबांनी त्या कुत्र्यासाठी नेरळपासून खोपोलीपर्यंत 'हरवला आहे, आणून देणाऱ्यास इनाम' अशी पत्रके छापून वाटली होती. ते इनाम बिबट्याने अद्याप मागितलेले नाही.

बिबट्याच्या भेटीनंतर रावसाहेब काहीसे खचले होते. पण लवकरच रानडुकरांनी त्यांना नवा हुरूप दिला. एका रात्रीत कळपाने त्यांची अर्ध्या एकराची विलायती हिरवळ मुसंडीने उकरून टाकली. शेतपिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरास मारण्याचा परवाना शेतकऱ्यास अर्जान्ती देण्याची सोय राज्य शासनाने केली आहे, हे कळताच रावसाहेबांच्या मुद्रेवर कुडूच्या वेळचे तेज आले. जिल्ह्यात, कायद्याच्या चौकटीत, स्वतःच्या मालकीच्या भूमीवर शिकार! त्यांनी जाकीट झटकून काढले, मुंबईतल्या दोघा स्नेह्यांस निमंत्रणे धाडली आणि वनखात्याकडे सविस्तर अर्ज केला. अर्ज चारच दिवसांत शेऱ्यासह परत आला. सातबाऱ्याच्या उताऱ्यात, बारा नंबरातील पिकाच्या रकान्यात 'गवत पड' असे लिहिले असून, पड जमिनीतील गवताचे नुकसान हे पिकाचे नुकसान कसे होते याचा खुलासा करावा, तसेच अर्जदार शेती करतात याचा पुरावा जोडावा, असे त्या शेऱ्यात नम्रपणे सुचविले होते.

हा दुसरा प्रश्न रावसाहेबांस फारसा रुचला नाही, कारण त्याच्या उत्तरावर डुकरापेक्षा पुष्कळच अधिक अवलंबून होते. वकिलाच्या सल्ल्याने आता हिरवळीच्या कडेने नागलीच्या चार ओळी लावण्यात आल्या आहेत. लावणी फाटकावरच्या ठाकराने केली, बियाणे त्याच्याच घरचे. राहता राहिली ई-पीक पाहणी. तीसाठी मोबाईल घेऊन खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे असते. परंतु आपला गट नंबर कोठे सुरू होतो आणि त्यातले नागलीचे रोप कोणते, हे दोन्ही दाखवून देण्यास रावसाहेबांना माहीतगार मनुष्य हवा होता. त्या कातकरी तरुणाने ते काम पत्करले असून, तासाचा दर ठरला आहे, चहापाणी वेगळे.