इच्छाधारी नागाची निगा

कुत्रा पाळायचा म्हटला तर आज पुस्तकं मिळतात, डॉक्टर मिळतात, त्याला काय चारावं यावर सोसायटीच्या बैठकीत भांडणंही मिळतात. पण महाराष्ट्रातल्या घराघरांनी पिढ्यान्‌पिढ्या जो जीव लावून पाळला, त्या इच्छाधारी नागाच्या संगोपनावर एक धड पुस्तिका नाही. त्याला पिंजरा लागत नाही की लस लागत नाही. तो आजीच्या गोष्टीत राहतो, रात्रीच्या मालिकेत राहतो आणि पडक्या वाड्याच्या जोत्याखाली पुरलेल्या हंड्यावर वेटोळं घालून राहतो. जो प्राणीच नाही त्याचं शास्त्र कसलं, असं कुणी म्हणेल. पण शास्त्र आहे आणि ते गावोगाव तोंडपाठ आहे. माझं म्हणणं एवढंच की हा प्राणी खुशाल पाळावा, फक्त त्याचा खर्च कल्पनेतूनच भागवावा. आज तो खर्च भलत्याच्याच माथी पडतो आहे, आणि तो भलता म्हणजे शेताच्या बांधावर राहणारा, दूध न पिणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला खरा नाग.

आधी जीवनक्रम पाहू. सर्वमान्य मतानुसार नाग जन्मतः साधाच असतो. वय वाढेल तसे त्याच्या डोक्यावर केस येतात, पुढे मस्तकात मणी तयार होतो आणि कुणालाही न चावता शंभर वर्षं काढली की त्याला हवं ते रूप घेता येतं. यात पहिली अडचण हिशेबाची आहे. खरा नाग कुणाची काठी न खाता वीसेक वर्षं जगला तरी पुष्कळ झालं. म्हणजे ही विम्याची पॉलिसी पिकते शंभराव्या वर्षी आणि विमाधारक जातो विसाव्या वर्षी. आजवर एकही दावा फेडावा लागलेला नाही, हेच या योजनेचं यश. दुसरी अडचण अटीची. नाग उंदीर-बेडूक चावूनच खातो, तेव्हा ‘कुणालाही न चावता’ ही अट शब्दशः घेतली तर ते शंभर वर्षांचं कडकडीत उपोषण ठरतं. अट माणसांपुरतीच आहे असं म्हणावं, तर उलटा पेच. बहुतेक नाग जन्मात एकाही माणसाला चावत नाहीत, त्यामुळे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या उसात पात्र उमेदवारांची रांगच लागेल. आणि केसांचं म्हणाल तर नाग सरपटणारा प्राणी. केस येणं हे सस्तन प्राण्यांचं लक्षण. म्हातारपणी माणसाचे गळतात आणि नागाला फुटतात, हा निसर्गाचा न्याय ऐकायला गोड असला तरी निसर्गाने अजून लागू केलेला नाही.

आता शरीररचना. १९७६ च्या ‘नागिन’मध्ये रीना रॉयने, १९८६ च्या ‘नगीना’मध्ये श्रीदेवीने आणि २०१५ पासून मालिकांमध्ये बऱ्याच जणींनी हे रूपांतर करून दाखवलं. नाग भरतो फार तर किलो-दोन किलो. नायिका पन्नास किलोची धरली तर वरचे अठ्ठेचाळीस किलो येतात कुठून, आणि परत नाग होताना ते ठेवायचे कुठे? दागिने आणि शालू वेगळेच. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवर एक पारदर्शक खवला असतो. तेव्हा नायिकेने अख्ख्या चित्रपटात एकदाही डोळा मिटता कामा नये, मारायची तर बातच सोडा. सापाचं एकच फुप्फुस धड कामाचं असतं, दुसरं नावापुरतं. त्यावर सूडाचे एवढे लांब संवाद एका दमात म्हणणं हा खरा चमत्कार, आणि त्याची दखल कुणी घेत नाही. शिवाय अंग तापवायला त्याला बाहेरची ऊब लागते. थंडीत निफाडला पारा पाच-सहावर आला की ही सासुरवाशीण ऊन चढेपर्यंत जागची हलणार नाही, आणि सूड दुपारनंतरच सुरू होईल. गंमत अशी की जन्मभरात खरोखर रूप पालटणारा प्राणी याच परिसरात आहे. पावसाळ्यात डबक्यात शेवाळ खरवडून खाणारा बेडकाचा पोर काही आठवड्यांत कल्ले टाकून फुप्फुसं घेतो, लांबलचक आतडं आखूड करतो, शेपटी अंगातच जिरवतो आणि पायांवर उड्या मारत काठावर येतो. आणि तिथे त्याला नाग गिळतो. रूप बदलण्याची विद्या आपण नागाच्या नावावर चढवली, ती असते त्याच्या जेवणाकडे.

रूप बदलणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत नाशिकचा अनुभव तसा जुना आहे. पंचवटीत सोन्याचा मृग दिसला तेव्हा सीतेची पहिली इच्छा तो पाळायचीच होती: जिवंत सापडला तर अयोध्येला नेऊ, अंतःपुराला शोभा येईल, मेलेला सापडला तर कातडं बसायला होईल. चोळीची भर मागाहून आपल्या लोकांनी घातली. त्या आश्रमात प्राणिशास्त्राचा प्रश्न विचारला तो एकट्या लक्ष्मणाने. असलं रत्नांच्या ठिपक्यांचं हरीण पृथ्वीवर नसतं, हा मारीच आहे, असं त्याने स्वच्छ सांगितलं. वाल्मीकींनी ते नोंदवून ठेवलं, पण ऐकलं कुणीच नाही. मारीच रूप बदलणारा होता, वाढून बदलणारा नव्हता. बाण लागताच तो मूळ रूपात आला आणि हरणाचा हिशेब तिथेच संपला. मात्र त्या हौसेची किंमत कुणी मोजली ते पाहा. ना हरणाने, ना हौस करणाऱ्यांनी एकट्यांनी. वाटेत आडवा आलेल्या जटायूचे पंख गेले. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला आजही लोक ती जागा दाखवतात. नसलेल्या प्राण्याची हौस झाली की बिल तिसऱ्याच्या नावे फाटतं, या नियमाचं याहून जुनं उदाहरण मला ठाऊक नाही.

नागाच्या बाबतीत हे बिल दरवर्षी श्रावण शुद्ध पंचमीच्या आधी फाटत असे. नाग दूध पितो हे कल्पनेतल्या नागाचं खाणं. खऱ्या नागाला दूध पचत नाही आणि पिलांना पाजण्याचा त्याच्या कुळात रिवाजही नाही. मग दारोदार फिरणारा टोपलीतला नाग ते पीत कसा असे? गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवी. घसा कोरडा पडलेला जीव समोर आलेल्या कुठल्याही पातळ पदार्थात तोंड घालतो. ते दूध फुप्फुसात जाई आणि सण संपल्यावर पुष्कळ नाग मरत. केसवाला नाग दाखवायचा तर डोक्याच्या कातडीखालून केस ओवले जात. मणी काढून दाखवायचा तर आधी कातडी चिरून काचेचा तुकडा आत बसवला जाई. विषाचे दात उपटले जात, कधी तोंडही शिवलं जाई. शंभर वर्षांच्या साधनेने मिळणारी सगळी लक्षणं अशी सुई-दोऱ्याने एका दुपारीत मिळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं आणि त्याचे खेळ करणं गुन्हा ठरलं. नागपंचमीच्या जिवंत नागांसाठी प्रसिद्ध असलेल्या बत्तीस शिराळ्याला न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या जागी प्रतिमा मिरवू लागल्या. पण दूध पिणारा नाग लोकांच्या मनात अजून तसाच धष्टपुष्ट आहे.

यावर कुणी म्हणेल, हे शहरी शहाणपण झालं. परंपरेवर हात टाकायचं काम आहे. माझं मत नेमकं उलटं आहे. घरातली जुनी परंपरा या बाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी शिस्तीची होती. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचा किंवा मातीचा करायचा, त्याला दूध-लाह्या त्या पाटावरच दाखवायच्या. काल्पनिक प्राण्याला काल्पनिक जेवण; उरलेलं दूध चहाला. आणि त्याच दिवशी शेतात नांगर धरायचा नाही, खणायचं नाही. घरात चिरणं नाही, तळणं नाही, तवा नाही, पुरणाचे दिंड उकडून खायचे. बिळं पावसाने भरलेली आणि साप उघड्यावर आलेले, अशा दिवसांत निदान एक दिवस कुदळ थांबली तर खऱ्या नागाला तेवढंच अभय. पाटावरच्या नागाला लाह्या आणि बांधावरच्या नागाला सुट्टी, अशी ही चोख वाटणी होती. त्र्यंबकेश्वरच्या नागबळीतही हाच विचार दिसतो. नाग मारल्याचं पाप फेडायला तिथे गव्हाच्या पिठाचा नाग करतात आणि त्याला रीतसर अग्नी देतात. पापाच्या फेडीसाठी दुसरा नाग मारावा, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. कणकेवर भागलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. नागाबद्दलची भीती आणि भक्ती गेली तर लोक त्याला सरळ ठेचतील. इच्छाधारी नाग हाच खऱ्या नागाचा रखवालदार आहे. भक्तीपुरतं हे काही अंशी खरं आहे. भीतीचा मात्र उलटा परिणाम होतो. नाग डूख धरतो, मारणाऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यांत उमटतं आणि नागीण ते पाहून पत्ता काढत येते, ही समजूत ज्याच्या मनात आहे तो नागाला सोडून देत नाही. अर्धवट मारलेला पूर्ण मारतो, पूर्ण मेलेल्याचं डोकं चेचतो आणि वर जाळतो. पुरावा नष्ट करण्याची एवढी काळजी माणसाच्या खुनातही क्वचित घेतली जाते. खऱ्या नागाला माणसांचे चेहरे लक्षात ठेवून सूड घेण्याइतका मेंदू नाही, हे कळलं तर मारणारा निर्धास्त होईल अशी शंका येईल. पण निर्धास्त माणूस काठी खाली ठेवण्याचा संभव जास्त. घाबरलेला माणूस ती उचलतो.

आणि ही समजूत माणसालाही स्वस्तात पडत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. मंत्र टाकला की चावलेला नाग परत येऊन आपलं विष शोषून घेतो, हा उपचार काल्पनिक नागाच्या दंशावर अगदी रामबाण आहे. खऱ्या नागाचं विष मज्जासंस्थेवर चालतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. त्यावर उतारा म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिसर्पविष लस, आणि ती दवाखान्यात असते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून दवाखाना आधीच लांब. त्यात वाटेतला एक तास नागाची वाट पाहण्यात गेला तर तो कुठून भरून काढायचा? इथे विनोद थांबतो. नसलेल्या प्राण्याचं वैद्यक असलेल्या माणसावर चालवलं की हेच होतं.

शेवटचा आक्षेप रसिकांचा: वजन-काटा आणि पापण्यांचा हिशेब मांडत बसलात तर गोष्टीतली जादू राहणार काय? यात लहान मुलं मोठ्यांपेक्षा शहाणी निघाली. १९९६ साली जपानने तामागोची नावाचं अंड्यातून निघून वाढणारं यांत्रिक पाखरू आणि रूपं बदलत जाणारे पोकेमॉन, असे दोन्ही कळप एकाच वर्षी बाजारात सोडले. तामागोचीची निगा कशी राखली यावर तो मोठेपणी कोण होणार हे ठरतं. ते वाढवताना मुलांनी रात्र-रात्र जागून काढली, पण ते बॅटरीवर जगतं हे विसरून कुणी त्याच्या फटीत दूध ओतलं नाही. जादू आणि बॅटरी दोन्ही एका वेळी मनात ठेवता येतात, हा त्यातला धडा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही तो पक्का माहीत होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं आणि खोटा कालिया बनवून प्रेक्षकांना खराखुरा थरकाप दिला. पण त्याआधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचा वेल कसा होतो ते त्यांनी दिवसामागून दिवस टिपलं आणि त्या ‘अंकुराच्या वाढी’च्या जोरावर चित्रपटासाठी कर्ज उभं केलं. पैसेवाल्या माणसाने वाटाण्याची नुसती वाढ बघून थैली सोडली, यापेक्षा खऱ्या रूपांतराच्या जादूचा मोठा दाखला कुणाला हवा? नागाकडेही तो आहे. कात टाकायच्या आधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ निळसर होतात, कारण डोळ्यावरचा जुना खवला सुटत असतो. त्या दिवसांत तो जवळजवळ आंधळा आणि चिडका असतो. मग दगडाला नाक घासून ओठापाशी चीर पाडतो आणि कातडीतून सरळ पुढे निघून जातो. मागे राहते उलटी झालेली अख्खी कात, डोळ्यांच्या खवल्यांसकट. दुधाशी नागाचा संबंध असलाच तर तो त्या डोळ्यांच्या रंगापुरता.

तेव्हा निगेचे नियम सोपे आहेत. इच्छाधारी नाग पाटावर, पडद्यावर आणि आजीच्या तोंडी ठेवावा. त्याला दूध, मणी, सूड, पूर्वजन्म, जे लागेल ते सढळ हाताने द्यावं. खरा नाग घरात निघाला तर लांब उभं राहावं, तो कुठे जातो त्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला फोन करावा. हात जोडायचे तर लांबूनच जोडावेत. वाटी पुढे करू नये आणि पुरलेल्या धनाची चौकशीही करू नये. बाहेर पडायला फट सापडत नाही म्हणून तो कोपऱ्यात फणा काढून बसलेला असतो. इच्छाधारी असता तर कडी त्यानेच काढली असती.