टेपवेडा

'तुमचा आवडता अल्बम कोणता?' असं कुणी विचारलं की तो विचारणाऱ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. अल्बम म्हणजे स्टुडिओत दार लावून, चुका पुसून, तीनतीनदा गाऊन तयार केलेला माल. त्याच्यावर कुणी प्रेम करतं का? त्याच्या उत्तरात गाण्याचं नाव नसतं की गायकाचं नसतं. असते ती फक्त तारीख. 'पाच-आठ-सत्त्याहत्तर!' गृहस्थ अमेरिकन असल्यामुळे महिना आधी येतो. म्हणजे ही ५ ऑगस्ट नसून ८ मे. विचारणारा नवखा असला तर इथेच माघार घेतो. जाणकार असला तर दोघं तळघरात उतरतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत वर येत नाहीत.

त्या ८ मे १९७७च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेड या बँडचा कार्यक्रम झाला. हॉल मूळचा लष्करी कवायतीसाठी बांधलेला. मे महिना असूनही त्या रात्री गावात बर्फ पडला. टेपवेडा हे सगळं अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, कोटावरचा बर्फ झटकत हा स्वतःच आत शिरला असणार. प्रत्यक्षात तो तिथे नव्हता. त्या रात्री तो दुसऱ्या राज्यात रसायनशास्त्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. परीक्षेत पास झाला, पण आयुष्याचा तोटा झाला असं तो मानतो.

हा बँड १९६५पासून १९९५पर्यंत सुमारे २,३०० वेळा रंगमंचावर आला. त्यातली हीच एक रात्र एवढी मोठी का झाली? वाजवणं उत्तम होतंच, पण उत्तम वाजवलेल्या रात्री इतरही पुष्कळ होत्या. या रात्रीची टेप उत्तम होती, आणि त्याचं श्रेय बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रक बाईंचं. बेटीबाईंनी त्या काळात केलेली रिळं इतकी स्वच्छ आणि भरदार आहेत की या पंथात ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. पुढे बाईंवर वाईट दिवस आले. रिळं भाड्याच्या गोदामात होती, भाडं थकलं आणि १९८६ साली गोदामवाल्याने सगळा माल लिलावात काढला. ज्या रिळांसाठी टेपवेड्याने घर गहाण टाकलं असतं, ती जुन्या सामानाच्या भावात गेली. काहींना पुढे बुरशी लागली. पण नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आणि इथाकातली ती रात्र अमेरिकेतल्या कॅसेट-प्लेअरांमध्ये जाऊन बसली. शेवटी लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत तिचा समावेश केला. टेपवेड्याचं मत विचाराल तर सरकारला नेहमीप्रमाणे उशीर झाला.

नवीन टेप हाती आली की ऐकणं ही शेवटची पायरी. आधी चौकशी, आणि ती मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात बसलेल्या आत्याबाईंच्या तोडीची. घराणं कुठलं? मिक्सिंगच्या टेबलावरून थेट उतरवलेली, की प्रेक्षकांत माइक धरून? मूळ रिळापासून कितवी पिढी? दरम्यान कुणाच्या यंत्रावर होती? कधी एमपी३ तर झाली नव्हती ना? या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं की सोयरीक मोडली. यात नुसता सोवळेपणा नाही. कॅसेटवरून कॅसेटवर नकल केली की प्रत्येक वेळी फितीचा स्वतःचा फुसफुसाट आधीच्या फुसफुसाटात मिसळतो आणि झांजांची धार बोथट होते. चौथ्या-पाचव्या पिढीला बँड शेजारच्या इमारतीत वाजवत असल्यासारखा वाटतो. एमपी३ची तऱ्हा आणखी वेगळी. कानाला कळणार नाही असा हिशोब करून ती आवाजातला काही भाग कायमचाच टाकून देते. आपल्याला कळणार नाही हे दुसऱ्या कुणी ठरवावं, हा त्याला व्यक्तिगत अपमान वाटतो.

तरुणपणी तो स्वतः टेपा करत असे. ती हकिगत सांगताना तो दहा वर्षांनी लहान दिसतो. बहुतेक बँडांच्या कार्यक्रमात रेकॉर्डर नेणं म्हणजे चोरीच. दारावर झडती होई. या कलेतला त्याचा आदर्श म्हणजे लॉस एंजेलिसचा माइक मिलर्ड. सत्तरीच्या दशकात हा पठ्ठ्या धडधाकट असून चाकाच्या खुर्चीत बसून सभागृहात जायचा. मित्र खुर्ची ढकलायचे आणि बसायच्या जागेखाली नाकामिची कंपनीचा बोजड कॅसेट-रेकॉर्डर लपवलेला असायचा. दारावरचे पहारेकरी सहानुभूतीने वाट करून देत. २१ जून १९७७ला लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहात लेड झेपेलिन या बँडची त्याने केलेली टेप आजही चाहते मानाने ऐकतात. नीतीच्या बाजूने या प्रकरणाचं समर्थन करणं कठीण आहे. ध्वनीच्या बाजूने बोलायला जागा नाही.

ग्रेटफुल डेडने मात्र हे भांडण स्वतःच मिटवलं. ऑक्टोबर १९८४पासून त्यांनी टेपवाल्यांसाठी वेगळी तिकिटं काढली आणि ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे वेगळी जागा दिली. अट एकच: टेप वाटा, विकू नका. मग त्या जागेत माइक लावलेल्या उंच काठ्यांचं रान उभं राहिलं. काठीखाली आपला नायक उभा असे. टाळी नाही, शिट्टी नाही, बोलणं तर नाहीच. शेजारचा तरुण भान हरपून गाऊ लागला की हा त्याच्याकडे अशा नजरेने बघे की त्याचं भान तत्काळ परत येई. ज्या संगीताने हजारो लोक बेभान होऊन नाचले, त्याची उत्तम टेप काठीखाली पुतळ्यासारखं उभं राहणाऱ्या माणसांनी केली आहे. आपल्याकडे खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या मंडळींना ही जात ओळखीची वाटेल. गवय्याने जागा घेतल्यावर 'वाहवा' म्हणणाऱ्यावर डोळे वटारणारा तो हाच, फक्त इथे त्याने टाय-डाय टी-शर्ट घातलेला असतो.

आता साठी उलटली, काठी माळ्यावर गेली आणि टेप करणं संपून टेप दुरुस्त करणं सुरू झालं. त्याचा पहिला अंक स्वयंपाकघरात घडतो. सत्तरीच्या दशकातल्या काही नामांकित फितींमध्ये, उदाहरणार्थ अँपेक्सच्या, चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकटा हवेतली आर्द्रता शोषून घेतो. काही वर्षांनी फीत चिकट होते, यंत्रावर किंचाळते आणि फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी थर सोडते. हा थर म्हणजेच गाणं. त्यावर इलाज असा की रीळ साधारण ५४ अंश सेल्सियसच्या मंद उष्णतेत आठेक तास भाजायचं. मग ते काही आठवडे नीट चालतं आणि तेवढ्यात त्याची नकल करून घ्यायची. ओव्हनचं तापमान खालीवर होतं, म्हणून पुष्कळ जण फळं सुकवायचं घरगुती यंत्र वापरतात. आपल्या नायकाच्या बायकोने असं यंत्र सफरचंदाच्या चकत्यांसाठी आणलं होतं. त्यात आजवर एक सफरचंद गेलेलं नाही.

दुसरा अंक छोट्या स्क्रू-ड्रायव्हरचा. ज्या यंत्रावर टेप झाली त्याच्या हेडचा कोन आणि ज्यावर ती वाजते त्याच्या हेडचा कोन केसभर जरी वेगळा असला, तरी वरचे सूर हरवतात. म्हणून कानात हेडफोन घालून तो एक स्क्रू पावपाव वळसा फिरवत बसतो. या वेळी त्याच्याशी बोलू नये, असा घरातला नियम आहे.

तिसरा अंक वेगाचा, आणि त्याची खरी विद्वत्ता इथेच दिसते. रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरल्या की फीत हळू चालते; हळू भरलेली फीत योग्य वेगाने वाजवली की बँड घाईत असल्यासारखा आणि पट्टी चढलेली. उलटही होतं. मग खरा वेग शोधायचा कसा? अमेरिकेत विजेची गुणगुण ६० हर्ट्झची. सभागृहातल्या यंत्रांमधून ती टेपवर बारीक उतरलेली असते. ती ५८वर सापडली, तर वाजणारी फीत सव्वातीन टक्के मंद आहे, आणि पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्याहून जास्त सूर उतरला आहे. एरवी ही गुणगुण त्याची वैरीण. पण वेग जुळेपर्यंत तो तिला नखही लावत नाही. जुळला की तिला हाकलून देतो.

खरखर काढायची किती, यावर मात्र या पंथात उभे तट आहेत. द हू या ब्रिटिश बँडने १४ फेब्रुवारी १९७०ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात वाजवलं. टेपवर कसल्याशा केबलच्या दोषाने टकटक उमटली. त्यांनी ती पुसली नाही. तबकडीच्या लेबलवर हाताने लिहून टाकलं की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नये. १९९५च्या आवृत्तीत संगणकाच्या मदतीने ती टकटक काढली गेली. आपला नायक दोन्ही आवृत्त्या बाळगतो. स्वच्छ आवृत्ती ऐकताना टकटक जिथे होती तिथे तो बोटाने टेबलावर वाजवतो. लीड्सच्या दुसऱ्याच दिवशी हल गावी झालेल्या कार्यक्रमात पहिल्या काही गाण्यांचा बास टेपवर आलाच नव्हता; चाळीस वर्षांनी तिथे आदल्या रात्रीचा, म्हणजे लीड्सचा, बास आणून बसवला. वादक तोच, गाणं तेच, बँड तोच. तरीही याला तो कागदपत्रांतली खाडाखोड मानतो, आणि मग कबूल करतो की जोड कुठेच ऐकू येत नाही.

बीटल्सच्या हॉलिवूड बोलमधल्या टेपांबद्दल तो हळवा आहे. १९६४ आणि १९६५च्या त्या कार्यक्रमांत हजारो मुली इतक्या जोरात किंचाळत होत्या की वादकांना आपलंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. टेपा बारा वर्षं पडून राहिल्या. १९७७च्या तबकडीसाठी बँडचा निर्माता जॉर्ज मार्टिनने त्या उतरवून घेतल्या तेव्हा जुनं तीन-ट्रॅकी यंत्र इतकं तापे की व्हॅक्यूम क्लीनर उलटे लावून त्यावर थंड हवा सोडावी लागली. २०१६ला जॉर्जच्या मुलाने, जाइल्स मार्टिनने, पुन्हा काम हाती घेतलं, आणि ॲबी रोड स्टुडिओत घडवलेल्या संगणकी पद्धतीने किंकाळ्या नि वाद्यं बऱ्याच अंशी वेगळी केली. यावर टेपवेड्याचा अभिप्राय असा: ड्रम्स पहिल्यांदा ऐकू आले, मुली जरा जास्तच शिस्तीत वागायला लागल्या.

तारीख आणि ठिकाण यांबाबत मात्र त्याच्याकडे माफी नाही. बॉब डिलनच्या १९६६च्या दौऱ्यातली एक गाजलेली चोरटी टेप वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरली. ती होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मेची. १९९८ला कंपनीने ती अधिकृतपणे काढली तेव्हाही जुनंच नाव ठेवलं, फक्त अवतरणचिन्हांत घालून. पाहुण्याने चुकून 'अल्बर्ट हॉल' म्हटलं तर तो दोन्ही हातांची बोटं हवेत वाकवून ती चिन्हं दाखवतो आणि पाहुणा पुन्हा तसं म्हणेपर्यंत थांबतो.

मे २०१७मध्ये कॉर्नेलची टेप शेवटी अधिकृतपणे बाहेर आली. बेटीबाईंची मूळ रिळं, वर फितीच्या वेगातली सूक्ष्म थरथरही काढलेली. ती काढायची रीत ऐकून तो गप्प झाला होता: रेकॉर्डिंगच्या वेळी यंत्र फितीवर कानाला न ऐकू येणारा एक अतिशय उंच कंप आपोआप सोडतं, त्याचे उरलेले अवशेष वाचून फीत कुठे क्षणभर अडखळली ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं. त्याने ती सुटी विकत घेतली, आणि १९७७च्या त्याच आठवड्यातल्या चार कार्यक्रमांचा अकरा सीड्यांचा संचही घेतला. वही-पेन्सिल घेऊन ऐकायला बसला. वही कोरी राहिली. त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला दोष सापडला: रेकॉर्डिंग फारच स्वच्छ आहे. टेबलावरून घेतलेली टेप, तिच्यात हॉल नाही, गर्दी नाही, छताखाली घुमणारा आवाज नाही. तेव्हा आता तो प्रेक्षकांतून कुणीतरी केलेली एक जुनी टेप घेऊन तिच्यातला गोंगाट या निर्मळ ध्वनिमुद्रणात चमचा-चमचा कालवतो आहे. गोंगाट काढण्यात उमेदीची वर्षं गेली, आता तो परत घालण्यात निवृत्ती चालली आहे. दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या चालीची, त्यामुळे दर काही सेकंदांनी एकीला ओढून दुसरीशी जुळवावं लागतं. पहिला भाग झाला. सध्या तो दुसऱ्याच्या सुरुवातीला अडकला आहे. तिथे बँडवाले पुढे रेटणाऱ्या गर्दीला एक पाऊल मागे सरका म्हणून सांगतात, आणि नेमकी तिथेच त्याची एक टेप दुसरीच्या पुढे पळते.