लिहा शंभर!

ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य. आठवी-नववीच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, धडाधड म्हणून दाखवेल. या व्याख्येप्रमाणे शाळेतलं प्रयोगशाळेचं कपाट हे उत्तम द्रव्य आहे. वस्तुमान भरपूर, जागा ऐसपैस आणि वर्षानुवर्षं अवस्थेत बदल नाही. किल्ली कुठे आहे ते फक्त शिपाईदादांना माहीत, आणि ते रजेवर.

दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर, वर प्रात्यक्षिकाचे २०. त्या विसांत कुणाची दांडी उडाल्याचं ऐकिवात नाही. उडणार कशी? साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं फळ्यावरून प्रयोगवहीत उतरलेलं असतं. आमच्याकडे आधी निरीक्षण होतं. प्रयोग जमला तर फेब्रुवारीत.

चुकून एखाद्या हौशी शिक्षकानं स्पिरिटचा दिवा पेटवलाच तर पंचाईत. चंचुपात्रातलं पाणी खळखळतं, तापमापी ९९ वर अडते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, पानी तं नव्याण्णवलेच उकयनं!" सर आधी पुस्तकाकडे बघतात, मग घड्याळाकडे. म्हणतात, "शंभर लिही."

त्या तासाला वर्गात शास्त्रज्ञ एकच होता, त्याला खाली बसवलं. १०० अंश हा समुद्रसपाटीच्या दाबाचा आकडा. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास उंच. इथं पाण्यानं ९९ च्या किंचित वर उकळणं हेच रीतसर आहे. १९९८ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या तोरणमाळला नेलं तर ते ९६ च्या आसपासच उकळेल, म्हणून तिथं उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. शाळेच्या तापमापीत अंशभराची खोट असू शकते, हेही खरं. मग त्यावर वाद घालू द्या की पोरांना! "शंभर लिही" म्हटलं की हवेचा दाब, उत्कलनांक आणि पोराचं डोकं, तिघांचंही बाष्पीभवन होतं.

बाष्पीभवनावरून आठवलं. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि धुळ्यात घरोघरी कूलर घरघरतात. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आपल्याकडचा कूलर गार हवा देतो. तोच मुंबईला नेला तर नुसता ओलावा फेकतो. सीझन संपल्यावर कूलरच्या गवतावर पांढरा खरखरीत थर बसलेला असतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार ते, पाणी गेलं आणि ते मागे राहिले. द्रावण म्हणजे काय आणि त्यातले घटक वेगळे कसे होतात, याचा आख्खा धडा फुकटात. तो थर खरवडून त्यावर लिंबू पिळा, फसफस होते: कार्बोनेटवर आम्ल पडलं, कार्बन डायऑक्साइड सुटला. पण आई तो थर घासून गटारात टाकते आणि मुलगा आतल्या खोलीत 'द्रावणाची तीन उदाहरणे' पाठ करत असतो.

तराजूचीही तीच कथा. लाव्हाझिएनं अठराव्या शतकात वजनं करकरून वस्तुमान अक्षय्यतेचा नियम बसवला. आपल्याकडे नियम पाठ, तराजू कपाटात. खरा तराजू बघायचा तर जळगावच्या सराफ्यात जा. तिथं मिलिग्रॅमचा हिशेब चालतो. शुद्ध सोनं हे मूलद्रव्य, पण ९१६ चा दागिना हे सोनं आणि तांबं-चांदीचं समांगी मिश्रण, हे काउंटरवरच्या माणसाला कळतं. मोल म्हटलं की नववीची पोरं घाम पुसतात. त्यांना सांगा, सोन्याचा अणुवस्तुमानांक १९७, म्हणजे एक मोल सोनं १९७ ग्रॅम, बाजारातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं वीस तोळ्यांना तीन ग्रॅम कमी. खान्देशातलं पोरगं हे जन्मात विसरणार नाही. उलट मोलाचं सोनं कुणाकडे आहे ते घरी जाऊन विचारेल.

शिक्षकांना एकट्यांना झोडपण्यात अर्थ नाही. परीक्षानळी फुटली की डेडस्टॉक रजिस्टर पुढे येतं, खुलासा मागितला जातो, निर्लेखनाचे कागद रंगवावे लागतात. काही रुपयांच्या काचेसाठी एवढं कोण करणार? त्यापेक्षा कुलूप बरं. वर विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे येऊन सांगून जातात की अणूचा शोध कणादांनी आधीच लावलाय. लावला असेल बापडा. त्यांच्यामागे निदान डेडस्टॉक नव्हता.

तेव्हा तपासणीला जाणाऱ्या साहेबांना एक विनंती. ज्या शाळेत फुटक्या नळ्या, काळवंडलेली चंचुपात्रं आणि संपलेलं स्पिरिट सापडेल, तिथं शेरा चांगला लिहा. जिथं सगळं साहित्य खरेदीच्या दिवसासारखं लखलखीत आणि मोजून बरोबर भरेल, तिथं खुलासा मागवा.