समूहगान कसे बसवावे

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहगान गाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी नियमावली पाठ करावी. गाणं नंतर पाठ केलं तरी चालतं. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार गायक जास्तीत जास्त 6, साथीदार 3. गायला 10 मिनिटं, त्याआधी मांडामांड करायला 4. गाणी दोन, एक देशभक्तीपर आणि एक लोकगीत. सिनेमातलं गाणं चालत नाही. गुण फक्त गायनाला मिळतील, वेशभूषा, रंगभूषा आणि हावभाव यांना नाहीत, असंही नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणूनच फेटे, नऊवाऱ्या आणि एकाच रंगाचे झब्बे भाड्याने ठरवण्याचं काम पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यावं.

आता गायक. त्यांची निवड महाविद्यालयाचे सांस्कृतिक समन्वयक करतात. हे गृहस्थ बहुधा वाणिज्य किंवा प्राणिशास्त्र शिकवतात आणि त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच पहिल्या बैठकीत सांगतात. त्यानंतर ते जे बोलतात ते गाण्याबद्दलच असतं. निवड चाचणीत आवाज ऐकण्याआधी बोनाफाइड बघावं, जन्मतारीख बघावी, कारण पंचविशी उलटलेला भीमसेन जोशीही या स्पर्धेला चालत नाही. कागदपत्रं नीट असलेले जे उरतील त्यांतून साधारण असे सहा जण निघतात. एक मुलगी वयाच्या सातव्या वर्षापासून शिकत असते. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सातही परीक्षा तिने दिलेल्या असतात आणि ती कुणालाही चूक दाखवत नाही, फक्त डोळे मिटून घेते. एक मुलगा गावाकडून, भजनी मंडळातून आलेला असतो. त्याच्या आवाजाला माइक लागत नाही आणि माइकला त्याचा आवाज सोसत नाही. एक जण गिटार घेऊन येतो. गिटार चालणार नाही हे कळल्यावरही रोज घेऊन येतो. एक जण गेल्या वर्षी टीममध्ये होता. एक त्याची मैत्रीण. सहावा उंच असतो, म्हणून मागे उभा राहतो.

हे सहा जण एकत्र आले की समूह झाला असं समजू नये, पण तसं अर्जात लिहावं.

यानंतरचा प्रश्न पट्टीचा. या विषयाला मार्गदर्शिकेत सर्वाधिक जागा देणं भाग आहे, कारण तालमीच्या एकूण वेळापैकी बराचसा यातच जातो. मुलांचा षड्ज साधारण काळी एकवर असतो. मुली काळी चार किंवा पांढरी पाचला गातात. काळी एक आणि काळी चार यांत बरोबर षड्ज-पंचमाचं अंतर पडतं, म्हणजे मुलाचा पंचम तो मुलीचा षड्ज. या अडचणीतून मोठ्या कलावंतांनी मोठी वाट काढली. पंडित जसराजांनी मूर्च्छनेचं तत्त्व वापरून जसरंगी नावाचा जुगलबंदीचा प्रकार बसवला. त्यात गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, आपापला वेगळा राग एकाच वेळी गातात आणि दोन्ही राग एकमेकांत बसतात. आपल्या तालमीतही दोन वेगळे राग एकाच वेळी ऐकू येतील. ते जसरंगी नव्हे.

विद्यापीठीय स्तरावर तडजोड पांढरी चारवर होते. तिचा फायदा असा की ती कुणालाच सोयीची नसते, त्यामुळे पक्षपाताचा आरोप होत नाही. अंतऱ्यात मुलांना तार षड्जाच्या वर जाताना गळ्याच्या शिरा दिसू लागतात. परीक्षक याला जोश म्हणतात. मुखडा खाली उतरला की मुलींचे फक्त ओठ हलतात. परीक्षक याला संयम म्हणतात. सातव्या वर्षापासून शिकणाऱ्या मुलीला पांढरी चार सांगितली की ती डोळे मिटते. तिला तसंच राहू द्यावं.

पट्टी ठरली की ती तबलजीला कळवायची असते. पण हे कुणीच करत नाही. उंच पट्टीचा तबला लहान तोंडाचा असतो, खालच्या पट्टीचा मोठ्या तोंडाचा, आणि हातोडीने कितीही ठोकलं तरी काळी एकच्या तबल्याची पांढरी चार होत नाही, पुडी तेवढी फुटते. महाविद्यालयाच्या भांडारात एकच तबला असतो आणि तो कुठल्या पट्टीचा आहे हे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवलेलं नसतं. शेवटी गाण्याची पट्टी तबल्याप्रमाणे बदलते. वर ज्या तडजोडीला एवढा वेळ दिला ती इथे रद्द होते. तरीही ती आधी करावी, कारण त्यानिमित्ताने सहा जण पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात.

पेटीचा प्रश्न येत नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला हद्दपार केलं होतं. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर जागचे हलत नाहीत, असे आक्षेप होते, आणि बंदी सैल व्हायला तीस वर्षं लागली. विद्यापीठांनी मात्र पेटीला कधीच अंतर दिलं नाही. सहा जण सहा दिशांना निघालेले असताना जागचा न हलणारा सूर हा दोष नसून आधार आहे. भात्यातून फुस्स आवाज येत असल्यास साथीदाराला आणखी जोरात वाजवायला सांगावं.

आपल्यापैकी काही जण संगीत विभागाचे रीतसर विद्यार्थी असतील. त्यांच्याकडून समूहगानाला मोठी मदत होते असा एक समज आहे. तो का आहे हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणण्याचं काम दोन विष्णूंनी केलं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, शिकवणीला वेळापत्रक आणि शिक्षणाला परीक्षा दिली. वकिली करणाऱ्या विष्णू नारायण भातखंड्यांनी रागांना दहा थाटांत बसवलं आणि घराण्यांनी मुठीत धरून ठेवलेल्या चिजा मिळवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत स्वरलिपीसकट छापून टाकल्या. त्यानंतर विद्यापीठं आली. मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र साठच्या दशकाच्या अखेरीस निघालं, अशोक रानडे त्याचे पहिले संचालक. पुणे विद्यापीठात 1987 साली ललित कला केंद्र सुरू झालं आणि त्यांनी नावालाच ‘गुरुकुल’ जोडून ठेवलं. सेमिस्टर, हजेरी आणि गुरुकुल या तिन्ही गोष्टी एकाच इमारतीत नांदू शकतात हे यातून सिद्ध झालं, आणि त्यातून चांगले कलावंतही निघाले. तेव्हा यात थट्टेला फारसा वाव नाही.

वाव आहे तो पुढे. वर्ग झाले, फळा आला, चाळीस जण एकत्र बसू लागले, तरी जे शिकवलं जातं ते एकट्याने गायचं गाणंच. समोर गुरू, मागे तंबोरे, बाजूला साथीदार, आणि मधे आपण. साथीदारांनी आपलं ऐकायचं. शेजारी बसलेला विद्यार्थी तीच बंदिश गात असेल तर त्याच्यापेक्षा वेगळं काय करता येईल हे शोधायचं, त्याच्यासारखं कसं गाता येईल हे नव्हे. पंधरा वर्षं अशी मेहनत घेतलेल्या माणसाला एक दिवस सहांच्या ओळीत उभं करून सांगतात, तुझा आवाज वेगळा ऐकू येता कामा नये. दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळण्यासाठी तो किती कमी करावा, श्वास कुणी कुठे घ्यावा, शब्दातला शेवटचा ‘त’ सहा जणांनी एकदम कसा सोडावा, हे कुठल्याच पेपरात नाही. चर्चमध्ये वाढलेल्या गोव्याच्या किंवा वसईच्या मुलामुलींना यातलं बरंच लहानपणीच येतं. त्यांना बहुतेक वेळा पाश्चात्त्य समूहगानाच्या टीममध्ये घालून आपण निर्धास्त होतो.

सारांश, संगीत विभागाच्या विद्यार्थ्याने समूहगानात एक हरकत घ्यावी. फक्त एक, पण अशी की परीक्षकांना कळावं हा शिकलेला आहे. बाकीच्या पाच जणांनीही तोच विचार केलेला असतो.

तालमी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत होतात. खोली आधीच नाट्यविभागाने घेतलेली असते. मग जिना. जिन्यात आवाज छान घुमतो, त्यामुळे आपण उत्तम गातो असा विश्वास निर्माण होतो आणि तो स्पर्धेपर्यंत टिकवण्याची जबाबदारी प्रत्येकाची असते. तालमीला सहाही जण कधीच येत नाहीत. ज्या दिवशी सहा येतात त्या दिवशी तबलजी नसतो.

गाणं बसवून देण्यासाठी बाहेरून एक सर बोलवावेत. त्यांच्या तीन-चार महाविद्यालयांत तालमी चालू असतात आणि सर्व ठिकाणी चाल थोडी वेगळी असते, असं ते म्हणतात. देशभक्तीपर गाण्यात हिमालय, सागर आणि माती हे शब्द आले की पुरतं; चालीची सुरुवात आलापाने, मग अचानक द्रुत लय, मग सरगम, मग सगळ्यांनी थांबून एका मुलीने एकटीने एक ओळ म्हणणं, मग तिहाई. या एकट्या ओळीवरून टीम फुटण्याचा धोका असतो. ओळ दोघींत वाटून द्यावी. मग दोघीही बोलत नाहीत, पण एकमेकींशी, टीमशी नव्हे.

लोकगीताबाबत जास्त काळजी घ्यावी. गोंधळ, भारूड, जोगवा, पोवाडा, कोळीगीत यांपैकी काहीही निवडता येतं, पण निवडताना आपल्याकडे संबळ वाजवणारा आहे का हे बघण्याचा प्रघात आहे. संबळवाला मिळाला तर गोंधळ, हलगीवाला मिळाला तर पोवाडा. हा हलगीवाला सुपारी घेऊन वाजवणारा खरा कलावंत असतो. लग्नाच्या वरातींतून तो थेट तालमीला येतो, दोनदा ऐकतो आणि तिसऱ्यांदा असं वाजवतो की सहाही गायक नकळत एका लयीत येतात. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एकत्र गातो आहोत असं त्या क्षणी वाटतं. सर लगेच थांबवतात आणि त्याला सांगतात, “दादा, जरा कमी वाजवा, मुलांचं गाणं दबतंय.” दादा कमी वाजवतो. मुलांचं गाणं ऐकू येऊ लागतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठला हजर राहायचं असतं. आपला क्रमांक संध्याकाळी लागतो. शास्त्रीय गायनातल्या मित्रांचे हाल याहून वाईट. त्यांनी दुपारसाठी भीमपलास तयार केलेला असतो आणि नाव पुकारलं जातं रात्री साडेदहाला. म्हणून त्यांनी तोडी, भीमपलास आणि बागेश्री असे तीन राग तयार ठेवावेत, आणि उद्घाटनाचे पाहुणे किती बोलतात यावर नजर ठेवून त्यांतला एक निवडावा.

मांडामांडीची 4 मिनिटं अशी वापरावीत. पहिल्या मिनिटात सगळ्यांनी एकदम रंगमंचावर जावं. दुसऱ्यात कुणाचा माइक कुणासमोर हे ठरवावं. माइक चारच असतात. तिसऱ्यात साउंडवाल्याला “मॉनिटरमध्ये मला वाढवा” असं सहाही जणांनी खुणेने सांगावं. तो मान डोलावतो. काही करत नाही. चौथ्या मिनिटात तंबोऱ्याचं ॲप लावायचं. ते ज्याच्या मोबाइलवर आहे त्याच्या आईला स्पर्धेची वेळ आधीच कळवून ठेवावी, कारण पहिल्या आलापात फोन तिचाच येतो.

प्रत्यक्ष गायनाबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. घाईने लय वाढते, त्यामुळे 10 मिनिटांचं गाणं साडेआठात संपतं. उरलेल्या वेळाचे गुण मिळत नाहीत.

निकाल रात्री दीड वाजता लागतो. परीक्षक आधी बोलतात. सर्वच संघांनी चांगली तयारी केली होती, मात्र काही ठिकाणी सुरांकडे लक्ष देण्याची गरज आहे, असं ते म्हणतात, आणि प्रत्येक संघ ‘काही ठिकाणी’ म्हणजे शेजारचा संघ असं समजून जोरात टाळ्या वाजवतो. पहिला क्रमांक आला तर पुढे विद्यापीठाच्या संघासाठी नव्याने निवड होते आणि सहांतले दोनच घेतले जातात. उत्तेजनार्थ आला तर सहाही जण एकत्र राहतात.

महोत्सव संपल्यावर आठ दिवसांत विद्यार्थी विकास विभागाला हिशेब द्यायचा असतो. फेट्यांच्या भाड्याची पावती मिळते, हलगीवाल्या दादाची मिळत नाही. त्याच्या मानधनाचं व्हाउचर करून त्यावर महसूल तिकीट लावून सही घ्यावी. पेटी रिक्षातून नेल्याचा खर्च मंजूर होत नाही, तो तबलजीच्या नाश्त्यात घालावा. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात ‘उपक्रमाचे फलित’ असं विचारलेलं असतं. तिथे ‘सहभागी विद्यार्थ्यांमध्ये एकोप्याची भावना वाढीस लागली’ असं लिहावं आणि खाली सहाही जणांच्या सह्या घ्याव्यात. एकाच वेळी बोलावू नये. वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात.