आप्पांचा टॅब

भालकीकडच्या मेहकरच्या आप्पांपुढं ‘टाकून द्या’ म्हणायची सोय नाही. त्यांच्या माळवदाच्या घरात भिंतीत बांधलेलं जुनं बळद आहे. त्यात आता ज्वारी नसते. साखर कारखान्याच्या पावत्या, छत्रीच्या काड्या आणि आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी असतात. कॅसेट वाजवायचा टेप केव्हाच गेला. त्याबद्दल विचारलं तर आप्पा म्हणतात, “टेप काय, कधीबी मिळंल. गाणे कुठं मिळायलेत?”

पुढं मेमरी कार्डाचा जमाना आला. भालकीला आणि उदगीरला मोबाईलच्या दुकानांवर ‘गाणे भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दुकानदार विचारायचा, “कोणते भरू?” बाकीची माणसं दोन-चार नावं सांगायची. आप्पा म्हणायचे, “मावतील तेवढे.”

अशा माणसाला पुण्याच्या मुलानं टॅब पाठवला, वर गाण्याच्या ॲपची वर्षाची वर्गणीही भरली. आप्पांना त्या ॲपात एकच गोष्ट मनापासून आवडली: खाली तोंड केलेला बाण. तो दाबला की गाणं टॅबात उतरतं आणि रेंज नसली तरी वाजतं. आमचं गाव सीमेवरचं. शिवारात उभं राहिलं की मोबाईल कधी कर्नाटकात असतो, कधी महाराष्ट्रात, आणि पुष्कळदा दोन्हीकडं नसतो. त्यामुळं बाण ही खरोखर कामाची चीज आहे, यात वाद नाही. पण आप्पा गाणं ऐकायचं सोडून बाणच दाबत बसले. एखादी यादी दिसली की आधी बाण, मग वाचायचं तिच्यात काय आहे ते.

अडलं ते तुरीपाशी. कर्नाटकात २०२० पासून शेतकऱ्याला स्वतःच मोबाईलवरून पीक पाहणी नोंदवता येते. सर्व्हे नंबर घाला, पीक घाला, शेतात उभं राहून फोटो काढा. (पलीकडं महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे, तेच दुखणं, फक्त मराठीत.) आप्पा बांधावर गेले, टॅब दोन्ही हातांनी आरशासारखा धरला, बटण दाबलं. टॅब म्हणाला, जागा शिल्लक नाही.

“मास्तर, तूर फुलावर आली अन् ह्यो जागा नाही म्हणायलाय,” असं म्हणत ते माझ्या दारात.

मी सेटिंगमध्ये जाऊन स्टोरेज उघडलं. बत्तीस जीबीचा टॅब, त्यातली बरीचशी जागा सिस्टिमनं आधीच धरलेली. उरलेल्यातली सोळा जीबी एकट्या गाण्याच्या ॲपची. दोन जीबी कॅशे, म्हणजे ऐकता ऐकता ॲपनं आपल्या सोयीसाठी बाजूला ठेवलेला माल. ती साफ केली तरी उतरवलेली गाणी जात नाहीत. राहिलेली चौदा जीबी निव्वळ बाणाची करणी.

दर्जाही सगळ्यांत वरचा, ३२० किलोबिटचा. त्या हिशेबानं चार मिनिटांचं गाणं साडेनऊ एमबी खातं. तेच ९६ किलोबिटवर तीन एमबीच्या आत बसतं, आणि टॅबच्या बारक्या स्पीकरमधून दोन्हीतला फरक कळायला कान नव्हे, श्रद्धा लागते. मी म्हटलं, “आप्पा, दर्जा कमी करू आणि परत उतरवू.”

“पातळ नको,” आप्पा म्हणाले.

“दीड हजार गाणी आहेत. रात्रंदिवस लावली तर चार दिवस लागतील.”

“मग चारच दिवसाचं हाय की!” त्यांना साठा कमी वाटला.

मग आम्ही एकेक गाणं घेऊन बसलो. कन्नड वचनं काढू? नको, हुमनाबादचे व्याही आले की लावावी लागतात. कव्वाली? अष्टूरच्या उरसाला जाताना जीपमध्ये काय लावायचं मग? खंडोबाची गाणी? आपला खंडोबा, मैलार मल्लण्णा, इथं खानापूरला, त्याला ऐकू गेलं तर? भीमसेन जोशींचा एकच अभंग सहा अल्बमांतून सहा वेळा उतरला होता. त्यातले पाच काढू म्हटलं तर आप्पा सावरून बसले. “गदगकडचा माणूस. आपल्या राज्यातला. अन् गायला मराठीत. त्याला काढू?” या युक्तिवादापुढं मीही गप्प झालो. सीमाप्रश्नावर इतकं सोपं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

शेवटी त्यांनी स्वतःच तोडगा काढला. “हे इंग्रजी काढ, कुणाचं हाय काय की.” ते नातीचं होतं. नात चौथीत, सुट्टीला आलेली, चौकटीत उभी. तिनं आधी भोकाड पसरलं.

मी मग ठेवणीतला बाण काढला. “आप्पा, ही गाणी तुमची नाहीतच. वर्गणी संपली की कुलूप. स्पॉटिफायसारख्या ॲपात तर तीस दिवसांतून एकदा टॅब इंटरनेटला जोडला नाही, तरी उतरवलेलं जातं.”

आप्पा बराच वेळ टॅबकडं बघत राहिले. “म्हंजे घर माझं, बळद माझं, अन् चावी त्याच्याकडं?”

नात डोळे पुसत पुढं आली. “आजोबा, बाण काढला तरी गाणं यादीत राहतं. नाव जात नाही. पायजे तवा परत घ्यायचं.”

“नाव राहतंय?”

तिनं एक काढून दाखवलं. हिरवा बाण गेला, नाव जागच्या जागी.

त्यानंतर आप्पांचा हात कुणी धरू शकलं नसतं. वचनं गेली, कव्वाली गेली, मल्लण्णा गेला, भीमसेन सहाच्या सहा गेले. संध्याकाळपर्यंत तेरा जीबी मोकळी. तुरीचा फोटो निघाला, त्यात आप्पांचा अंगठाही आला.

आता आप्पा पारावर बसून लोकांचे मोबाईल मोकळे करून देतात. कुणी ‘हँग व्हायलाय’ म्हटलं की हात पुढं. “आण हिकडं. काढून टाक, घाबरू नको, नाव राहतंय.” परवा शेजारच्या पोराचा मोबाईल त्यांनी असाच हलका केला, आणि पोराच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. पोरगं रडकुंडीला येऊन माझ्याकडं पळत आलं, मागून आप्पा, सावकाश. मी फोटोंची कचरापेटी उघडली. काढलेले फोटो तिथं काही दिवस पडून असतात, नशिबानं सगळे होते. हळदीपासून वरातीपर्यंत एकेक परत आणला.

आप्पांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि पोराला म्हणाले, “सांगायलो नव्हतो? उगं बोंबलत आलास. अन् मास्तर, ती पेटी केवढी हाय? तिच्यात किती मावतंय?”